आकसपट्टी

उद्यमबागेतल्या फौंड्रीत भरमा सुतारांनी
एकतीस वर्षं पॅटर्न केले. सागवानाचे.
पंपाचे, पुलीचे, एकदा उसाच्या चरकाचे.
मी त्यांची धाकटी, नागवेणी.
मीही पॅटर्नच बघते, पण पडद्यावर,
सव्वानऊ ते साडेतीन,
तिसऱ्या गेटाजवळच्या खोलीत.
गाडी गेली की खिडकीची काच वाजते
आणि उगाच वाटतं, भाव हलला.

त्या आठवड्यात एका शेअरनं
डावा खांदा केला, खाली आला,
डोकं वर काढलं, चारशे अठ्ठेचाळीस,
पुन्हा त्याच पायरीवर उतरला
आणि आता उजवा खांदा उचलत होता, दमल्यासारखा.
व्हॉल्यूम पहिल्या खांद्याच्या निम्मंही नाही.
मी हाक मारली, बाबा, बघा, माणूस उभा राहिला.
चष्मा कपाळावरून नाकावर घेत ते वाकले.
"माणूस खरा. खरं, मान कुठाय?"
दोन खळग्यांतून रेघ ओढून दाखवली. चारशे पाच.
"तुटली?"
नाही अजून.
"मग डबा उघडू नको गा. आत रस हाय."

मी उघडला.
चारशे बाराला एक लॉट विकला, सातशे शेअर,
स्टॉप लॉस न लावता,
कारण आकृती मला दिसली होती
आणि जे आपल्याला दिसलं
ते होणारच, असं वाटायचं वय होतं.
दोन दिवसांत चारशे एकतीस.
तेरा हजार तीनशे:
बाबांचा सुरुवातीचा अडीच वर्षांचा पगार.
मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही.
जेवताना आमटीची वाटी तेवढी माझ्याकडे सरकवली.

रात्री पत्र्याच्या ट्रंकेतून त्यांनी एक पट्टी काढली.
माझी शाळेतली फूटपट्टी शेजारी ठेवायला लावली,
शून्याला शून्य.
दहापर्यंत जमलं म्हणावं इतपत.
तीसपाशी त्यांची रेघ तीन मिलिमीटर पुढे गेलेली.
"ही खोटी. मुद्दाम.
लोखंड गार होताना आकसतंय, शंभराला एक.
तेवढं आधीच धरून लाकूड कापायचं.
मागनं रडून काय उपयोग?"
मग बोट तिरकं धरून म्हणाले,
"आणि उतार. बाजू ताठ ठेवलीस
तर पॅटर्न वाळूतनं निघत न्हाई,
निघताना साचाच मोडून आणतोय.
आमचा बसलिंग मोल्डर वर ओढताना म्हणायचा,
निधान, निधान.
आत जायला समद्यांनाच येतंय.
तू भाईर पडायचा उतार कुठं ठेवलाईस?"

शुक्रवारी मान तुटली.
लांब लाल कँडल, व्हॉल्यूमचा खांब.
मी हात मांडीखाली घेऊन बसले.
खाली गेट पडलेलं, रिक्षांची रांग लागलेली,
कुणी कन्नडात, कुणी मराठीत
त्याच एका गाडीला शिव्या घालत होतं.
सोमवारी भाव परत वर आला,
विसरलेलं काही न्यायला आल्यासारखा,
चारशे चारला टेकला
आणि आत आला नाही.
चारशे तीनला विकला.
स्टॉप चारशे सात. शंभराला एक.
मग फोन पालथा घातला.

तीनशे एकोणऐंशीला बाहेर पडले.
हिशेबानं तो तीनशे बासष्टला जायचा होता,
गेलाही, माझ्याशिवाय.
त्याचं मला अजून थोडं लागतं.

बाबा आता शेजारच्या हुंदरे वहिनींसाठी पोळपाट करतायत.
घरात ते हीच पट्टी वापरतात, हाताला सवय.
म्हणून आमचं फडताळ कोनाड्यात बसत नाही,
देव्हाऱ्याचा खण पावसाळा नसतानाही अडतो.
लाकडाला ओतीव लोखंडाची भीती घालून कापलंय.
काल मी म्हटलं, बाबा, हे काही आकसणार नाही.
ते रंधा मारत राहिले.
वहिनींचा पोळपाट
मागितल्यापेक्षा जरासा मोठा होणार.